पी हळद नि हो गोरी!

‘पी हळद नि हो गोरी’ ही म्हण ज्या कुणा आजीबाईंनी प्रथम उच्चारली, त्यांनी आमचा हिंगोली जिल्हा पाहिला असण्याचा संभव नाही. पण ह्या जिल्ह्याच्या भाग्योदयाविषयी आज जी भाषणे होतात, जे अहवाल निघतात आणि ज्या कोनशिला बसतात, त्या सर्वांचे सार आजीबाई पाच शब्दांत आगाऊच सांगून गेल्या आहेत. हळद लावा, हळद पिकवा, हळद परदेशी धाडा, की झालाच जिल्हा गोरागोमटा! मधल्या नऊ महिन्यांत कुणाच्या कमरेचा काटा ढिला होतो, कुणाचे मूल बांधावर उन्हात निजते, हे विचारण्याचा उद्धटपणा मात्र कुणी करावयाचा नाही.

तो मी करणार आहे आणि ऐन दिवाळीत करणार आहे. नरक चतुर्दशीच्या पहाटे आपण अंगाला जे उटणे चोळतो त्यात हळद असते, आणि नंतर ज्या करंज्यांवर नि अनारशांवर ताव मारतो त्यांत साखर वा गूळ असतो. ह्या जिनसांना आमच्या भागातील हातांचा स्पर्श झालेला असण्याचा पुष्कळच संभव आहे. पूर्वी बलुतेदारांना पोस्त दिल्याशिवाय घरधन्याला दिवाळीचा फराळ गोड लागत नसे. सणाच्या ताटात ज्याचा वाटा आहे त्याची सणाच्या दिवशी विचारपूस करणे हा औचित्यभंग नव्हे. ती आपली जुनी रीतच आहे.

मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकच्या पलीकडे माझे शिक्षण गेलेले नाही. पोटासाठी मुले शिकवतो आणि हौसेसाठी कादंबऱ्या लिहितो. पण हजेरीपट मला वाचता येतो. आणि दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडते त्या दिवशीचा हजेरीपट कोणत्याही आर्थिक पाहणीपेक्षा अधिक खरे बोलतो, असे माझे मत आहे. त्याच्याकडे मी पुढे येईनच. आधी हळदीकडे वळू.

हिंगोली हा परभणीच्या पोटातून १ मे १९९९ रोजी जन्मलेला जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे ११ लाख ७७ हजार माणसे. नर्सीचे नामदेव महाराज आणि औंढ्याचा नागनाथ ही आमची जुनी दौलत. नव्या दौलतीची गोष्ट विचाराल, तर २००६ साली केंद्र सरकारने देशातल्या २५० मागास जिल्ह्यांची जी यादी केली, तीत आमचे नाव मानाने झळकत होते! अशा जिल्ह्याला हळदीने हात दिला, ही गोष्ट खरी आहे आणि ती कुणी नाकारू नये. येलदरी-सिद्धेश्वरच्या नि इसापूरच्या पाण्यावर, विहिरींवर, पुढे ठिबकच्या नळ्यांवर हे पीक फोफावले आणि हिंगोली जिल्हा महाराष्ट्रात हळदीचे मोठे आगर बनला. कापसाने आणि कोरडवाहू ज्वारीने ज्याला कधी पक्के घर दाखवले नाही, अशा शेतकऱ्याच्या अंगणात हळदीने स्लॅब टाकला.

मग मानपत्रे आली. २०२२ साली वसमतेस हरिद्रा संशोधन केंद्र मंजूर झाले. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीने राष्ट्रीय हळद मंडळ स्थापले आणि त्याचे ठाणे शेजारच्या निजामाबादेस ठेवले. जगातील हळदीचा शेकडा सत्तराहून अधिक भाग भारतात पिकतो. २०२२-२३ साली देशात ३ लाख २४ हजार हेक्टरांवर ११ लाख ६१ हजार टन हळद झाली. २०३० पर्यंत निर्यात एक अब्ज डॉलरवर न्यावयाची, असा सरकारचा संकल्प आहे. उत्तम! संकल्प सोडताना हातावर पळीभर पाणी घालावे लागते. ते पाणी कुणाच्या घामाचे आहे, एवढाच माझा प्रश्न आहे.

ज्यांनी हळद फक्त डब्यात पाहिली आहे त्या वाचकभगिनींसाठी थोडे सांगतो. मे-जूनमध्ये गड्डे लावावयाचे. मग निंदण, खत, पुन्हा निंदण, भर देणे. माघ-फाल्गुनात पाला कापायचा, कंद उकरायचे. ट्रॅक्टर माती उलटी करतो हे खरे. पण मातीतून हळद वेचण्याचे यंत्र म्हणजे आमच्याकडे अद्याप बाईचे दहा बोटांचे दोन हातच आहेत. ती ओणवी होते, माती झटकते, जेठे गड्डे एकीकडे आणि हळकुंडे दुसरीकडे करते. पुढे शिजवणे, पंधरवडाभर उन्हात वाळवणे, ढोलात घालून घोळणे. ओल्या हळदीच्या चार-पाच पोत्यांचे वाळून एक पोते होते. म्हणजे बाजारात जे एक पोते पिवळेधमक मिरवत येते, त्याच्यामागे चार-पाच पोती तिने वाकून वेचलेली असतात. काम बहुधा गुत्त्याने, म्हणजे उक्ते. तेव्हा जितके वाकेल तितके मिळेल. मूल कुठे? बांधावर, लिंबाच्या सावलीत. सावली सरकली की उन्हात.

आता जरा दूर जाऊ. एकच नगदी पीक, भाव ठरवणारा बाजार दूरचा, राबणारे हात परक्याचे, आणि नफ्याचा हिशेब करताना हात तेवढे विसरावयाचे, अशा शेतीला इंग्रजी राज्यात मळ्यांची शेती म्हणत. आसामातील चहाचे मळे तसे होते. मॉरिशस बेटावरील उसाचे मळे तसे होते. १८३४ पासून गिरमिटावर अंगठा उठवून जी लाखो माणसे मॉरिशसला गेली, त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती; त्यांचे वंशज आज तिथे आहेत आणि गणेशोत्सव करतात. आपल्याकडे असे गोऱ्या साहेबाचे मळे नाहीत, म्हणून आपण निर्धास्त आहो. पण साहेब गेला म्हणजे मळा गेला, असे थोडेच आहे? मळा हा जमिनीच्या आकारात नसतो. तो व्यवहाराच्या रीतीत असतो. दोन एकरांच्या हळदीतही ती रीत शिरू शकते.

आणि गंमत पाहा. स्वतंत्र भारताने मळ्यावरच्या मजुराची दखल फार लवकर घेतली. १९५१ साली मळा कामगारांचा कायदा झाला. चहा, कॉफी, रबर, सिंकोना, वेलदोडा ह्यांच्या मळ्यांतील मजुराला पिण्याचे पाणी, राहावयास घर, औषधपाणी, लेकरांना पाळणाघर, मोठ्या मुलांना शाळा, बाईला बाळंतपणाची सवलत, हे सारे देणे मळेवाल्याचे कर्तव्य ठरले. पुढे तो कायदा २०२० च्या श्रमसंहितेत सामावला गेला. प्रत्यक्षात पाळणे किती हलले आणि शाळा किती भरल्या, हा वाद निराळा. पण चहा खुडणाऱ्या बाईला ‘माझे पाळणाघर कुठे आहे?’ असे विचारण्याचा हक्क तरी मिळाला. हळद वेचणारीने हाच प्रश्न विचारला, तर लोक तिला वेड्यात काढतील. कायद्याच्या यादीत चहा आहे, हळद नाही. चहा न पिता माणूस जगतो. हळदीवाचून मात्र आपले लग्न लागत नाही!

दुसरे उदाहरण घरचेच देतो. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा केला. पोते उचलणाऱ्या हमालाला एक मालक नसतो, आज ह्या दुकानी तर उद्या त्या दुकानी, हे ओळखून त्याच्यासाठी मंडळे काढली. मजुरीवर वरकड लेव्ही बसवली आणि तीतून त्याचा भविष्यनिर्वाह निधी, रजा, दवापाणी उभे केले. अण्णासाहेब पाटलांनी आणि हजारो हमालांनी त्यासाठी रक्त आटवले. देशात नाव घ्यावे असा हा कायदा आहे. पण आता डोळ्यांपुढे चित्र आणा. हळदीचे पोते पाठीवरून काट्यापर्यंत नेणाऱ्याला कायदा आहे. ते पोते ज्या बाईने भरले तिला नाही. पोते उचलले की श्रम, आणि पोते भरले की तो बाईमाणसाचा विरंगुळा, असा काही आपला समज आहे काय?

साखरेची कथा तर ह्याहून कडू. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा शेतकरी हा कारखान्याचा भागधारक झाला. ही क्रांतीच होती, आणि तिचे श्रेय महाराष्ट्राने छाती फुगवून घ्यावे. पण भागधारकांच्या यादीत कोयतेवाला नव्हता. उसाला किती भाव द्यावयाचा हे सरकार दरवर्षी जाहीर करते. ऊस तोडणाराचा दर वाढावा म्हणून मात्र संप करावा लागतो, बैठकांवर बैठका व्हाव्या लागतात. जानेवारी २०२४ मध्ये चौतीस टक्के वाढ पदरात पडली तीही अशीच, गळीत हंगामाच्या ऐन मध्यावर. आमच्या भागातील तांड्यांवरून आणि वाड्यांवरून दिवाळीचे दिवे विझले न विझले तोच ट्रॅक्टर भरतात. मुकादमाने पावसाळ्यात उचल दिलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांची मोजदाद हत्याराच्या नावाने करणारा हा बहुधा जगातील एकमेव धंदा असावा! आणि त्या अर्ध्या कोयत्याचे, म्हणजे बाईचे, नाव उचलीच्या कागदावर शोधून सापडत नाही.

आता तो हजेरीपट. दिवाळीच्या सुटीनंतर मी नावे पुकारतो. ‘हजर’, ‘हजर’, आणि मग शांतता. गैरहजर मुले आजारी नसतात, उनाडही नसतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकाच्या सीमेवर, पाचटाच्या कोपीत धाकट्या भावाला सांभाळीत बसलेली असतात. जी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली नाहीत, त्यांतल्या मुली फाल्गुनात हळदीच्या रानात गळतात. आई वेचते, थोरली लेक तान्ह्याला धरते. चैत्रात परत आलेले मूल वर्गात बसते तेव्हा भागाकार पुढे गेलेला असतो, आणि ते मागे राहिलेले असते ते कायमचे. एका पिढीचा भागाकार चुकला, की पुढच्या पिढीला कोयत्याशिवाय दुसरी बाकी उरत नाही. जिल्ह्याची हळद किती वाढली हे मला आकड्यांत सांगणाऱ्याने माझ्या वर्गातील रिकाम्या जागाही मोजाव्यात, म्हणजे वजाबाकी पुरी होईल.

‘सर्वसमावेशक विकास’ असा एक शब्द हल्ली सभांतून फार ऐकू येतो. उच्चारताना दम लागतो, म्हणून त्याचे साध्या मराठीत भाषांतर करतो: सर्वांना पंगतीला बसवा. पंगतीत बसवणे आणि पत्रावळ्या उचलावयास बोलावणे, ह्यांत भेद आहे. आज हळदीच्या पंगतीत अडत्या आहे, निर्यातदार आहे, पॉलिशवाला आहे, बऱ्यापैकी बागायतदार आहे. आणि ह्यांचा मला मत्सर नाही. पण बटईने रान करणारा सातबाऱ्यावर नसतो, म्हणून नुकसानीचे पैसे येतात ते सातबाऱ्यावरच्या नावाने. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्यात पिके कुणाची सडली आणि पंचनाम्यात नावे कुणाची लागली, हे गावोगाव पाहून घ्यावे. पाडव्याला साल धरणारा सालगडी पंगतीत नाही. आणि हळद वेचणारी बाई? ती तर मांडवाच्या बाहेर!

ह्यावर ठराविक आक्षेप येतात. पहिला असा की, आधी लक्ष्मी घरात येऊ द्या, मग ती आपोआप खाली झिरपेल. मी मराठवाड्याचा आहे. झिरपण्याची भाषा मला शिकवू नका. आमच्याकडे पाणी वरून खाली झिरपते तेव्हा आधी बांध घालावा लागतो, नाहीतर ते नाल्यावाटे गोदावरीला जाते आणि विहीर कोरडी राहते. पैशाचा स्वभाव पाण्याहून साधा आहे, असे कुणी म्हणत असेल तर त्याने पैसा पाहिलेला नाही.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा आहे, आणि तो खरा आहे. तो म्हणतो, ‘मास्तर, बेणे महाग, खत महाग, मजूर मिळत नाही, भाव आज आहे तर उद्या नाही, पाळणाघर मी कुठून काढू?’ बरोबर आहे. दोन एकरांच्या धन्याने पाळणाघर काढावे असे म्हणणारा मूर्ख ठरेल. आसामात मळ्याला एक मालक असतो, त्याची कॉलर धरता येते. आमच्याकडे मालक हजारो, आणि त्यांतले पुष्कळसे स्वतःच घामाघूम झालेले. पण मालक हजारो असले तरी वेस मोजक्याच आहेत. हिंगोली असो, वसमत असो, वा माल नांदेड-सांगलीला जावो, प्रत्येक पोत्याला एकदा तरी काट्यावर चढावेच लागते. हमालाच्या बाबतीत जे शहाणपण १९६९ साली सुचले ते हेच होते: धनी शोधत बसू नका, काटा धरा.

म्हणून माझे मागणे फार मोठे नाही. हळदीच्या दर क्विंटलामागे खरेदीदाराकडून वीस रुपये घ्यावेत. दहा हजारांचा क्विंटल धरला तर हे शेकडा वीस पैसे होतात. एवढ्याने निर्यातीचे जहाज बुडत नाही. पण लाख क्विंटलांमागे वीस लाख रुपये जमतात. त्या पैशातून वेचणीच्या अडीच-तीन महिन्यांत गावोगाव पाळणाघर चालवावे. ते त्याच गावातील म्हाताऱ्या बायांच्या हाती द्यावे, म्हणजे त्यांनाही चार पैसे मिळतील. वेचणाऱ्या बाईच्या नावाचे कार्ड काढावे, किती दिवस राबली ते त्यावर मांडावे आणि उतारवयात तिला काही हाती लागेल असे करावे. हे तत्त्व नवे नाही. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी उसाच्या दर टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून घ्यावयाचे, हे सरकारने मान्य केलेच आहे; त्यांच्या मुलांसाठी २०२१ साली राज्यात ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहेही मंजूर झाली. उसाला जे लागू, ते हळदीला का नाही? आणि जी वसतिगृहे मंजूर होतात ती मुले ट्रॅक्टरवर चढण्यापूर्वी उघडावीत. ट्रॅक्टर गेल्यावर फीत कापण्यात काय हशील?

तिसरा आक्षेप शहाण्यांचा असतो: ‘असे कुठे झाले आहे काय?’ झाले आहे. आणि मौज अशी की, जिथे आपली माणसे गिरमिटावर गेली त्याच मॉरिशसमध्ये झाले आहे. १९४८ साली तिथे साखरधंद्यातील मजुरांसाठी साखरेवरच उपकर बसवून कल्याणनिधी उभारण्यात आला. १९६१ साली जेम्स मीड नावाच्या थोर इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने बेटाची पाहणी केली आणि वाढत्या लोकसंख्येमुळे ह्याचे भवितव्य फारसे बरे दिसत नाही, असा निर्वाळा दिला. १९६८ साली बेट स्वतंत्र झाले. साखरेला भाव आला तेव्हा त्या पैशाचा वाटा सरकारने शाळांकडे आणि दवाखान्यांकडे वळवला. १९७७ साली मीडसाहेबांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच साली त्या बेटाने दुय्यम शिक्षण मोफत केले! कोयता धरणाऱ्याचा नातू शाळेत बसला, आणि शहाण्याचे भाकीत खोटे ठरले. तिथे सर्व आलबेल आहे असे मी म्हणत नाही; मोठे मळे मोठ्यांच्याच हाती राहिले. पण पिकाचा पैसा आपोआप झिरपला नाही, तो वळवावा लागला, एवढा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

आणि परदेशी तरी कशाला जावे? वि. स. पागे ह्यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली आणि १९७७ साली महाराष्ट्राने मागेल त्याला काम देण्याचा कायदा केला. १९९० च्या सुमारास त्याच हमीला फळबाग लागवडीची जोड दिली. लहान शेतकऱ्याच्या रानात झाडे लागली, ती लावण्याची मजुरी सरकारने भरली, आणि कोरड्या माळांवर आंबा, बोर, डाळिंब उभे राहिले. शेतकरी आणि मजूर ह्यांना एकमेकांच्या उरावर न बसवता दोघांना एका झाडाखाली आणता येते, हे ह्याच राज्याने एकदा करून दाखवले आहे. ज्याला आपल्याच कर्तृत्वाचा विसर पडतो, त्याला शहाणे करावयास परक्याने का यावे?

एक शब्द संशोधन केंद्राविषयी. नवी वाणे निघावीत, कंदकुजीवर औषध सापडावे, कुरकुमिनाचे प्रमाण वाढावे. ह्या सर्वांना माझा आशीर्वाद आहे. पण तिथल्या विद्वानांनी एखादे संशोधन वेचणाऱ्या बाईच्या कमरेवरही करावे. हळद वेचण्याचे सोपे अवजार, वाळवणाच्या खळ्यावर सावली, बचत गटांच्या हाती शिजवणे-दळणे, ह्यांतही शास्त्र आहे. हळकुंड येथून जाते आणि पूड होऊन, डब्यात बसून, परत आमच्याच किराणा दुकानात येते. मधल्या प्रवासात जो पैसा सुटतो तो वसमत-कळमनुरीच्या बायांच्या पदरात पडला, तर त्याला मी खरे भौगोलिक मानांकन म्हणेन.

वाचकहो, मराठीत हळदीची आणखी एक म्हण आहे: अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे. मानांकन मिळाले, मंडळ झाले, केंद्राची कोनशिला बसली, म्हणून आम्ही जे मिरवत आहो ते अर्ध्याच हळकुंडाचे पिवळेपण आहे. दुसरे अर्धे त्या बाईच्या मुठीत आहे. तिची मूठ उघडेल तेव्हा तिच्यात मजुरीच्या नोटांबरोबर लेकीचे दाखल्याचे कार्ड असले पाहिजे. तोवर कुणी ह्या जिल्ह्याला गोरा झाला म्हणू नये. हळद अजून लागावयाची आहे.